मोबाईलची कंपनी बदलावी काय?

शेतकऱ्याच्या उपयोगी साधनांत मोबाईलची गणना आता औत-अवजारांच्या बरोबरीने करावी लागते. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, बँकेचा निरोप, ई-पीक पाहणीची नोंद, अनुदानाच्या अर्जासाठी येणारा ओटीपी आणि विहिरीवरील पंप चालू-बंद करणे ही सर्व कामे याच साधनावर होऊ लागली आहेत. रेंज नसली म्हणजे काम अडते, आणि काम अडले म्हणजे ‘ही कंपनीच बदलून टाकू’ असा विचार मनात येतो. रिचार्जचे दर वाढले, शेजाऱ्याने दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घेतले, किंवा आठवडी बाजारात छत्री लावून बसलेल्या विक्रेत्याने आग्रह केला, तरीही हाच विचार बळावतो.

कंपनी बदलण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकास आहे आणि गरज पडल्यास तो अवश्य बजावावा. परंतु जे वाण शेजारच्या गावी उत्तम आले ते आपल्या जमिनीत तसेच येईल अशी खात्री नसते, म्हणून जाणता शेतकरी ते प्रथम दोन गुंठ्यांवर लावून पाहतो. मोबाईलच्या सेवेसही हाच न्याय लागू आहे. प्रस्तुत लेखात ही चाचणी कशी घ्यावी, तत्पूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात आणि बदल करावयाचाच ठरल्यास कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार केला आहे.

हा हक्क कसा मिळाला?

भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्या काळी येणाऱ्या फोनचेही पैसे द्यावे लागत. २००३ साली येणारे फोन निःशुल्क झाले आणि मोबाईल सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. मात्र कंपनी बदलावयाची तर जुना क्रमांक सोडून द्यावा लागे. ही अडचण दूर करणारी ‘नंबर पोर्टेबिलिटी’ नोव्हेंबर २०१० मध्ये प्रथम हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून सर्व देशात सुरू झाली. प्रारंभी हा बदल एकाच दूरसंचार मंडळाच्या हद्दीत करता येत असे. ३ जुलै २०१५ पासून एका मंडळातून दुसऱ्या मंडळातही क्रमांक कायम ठेवून जाता येते. डिसेंबर २०१९ मध्ये या पद्धतीत सुधारणा होऊन ती अधिक सोपी व जलद झाली.

क्रमांक कायम राहणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट होय. आधार, बँकेचे खाते, पीएम किसान योजनेची ई-केवायसी, शेतकरी ओळखपत्र यांस तोच क्रमांक जोडलेला असतो. काही जण पोर्ट करण्याच्या खटाटोपात न पडता नवे सिमकार्ड नव्या क्रमांकासह घेतात आणि जुने पेटीत टाकून देतात. हे धोक्याचे आहे. बंद पडलेला क्रमांक ठराविक काळानंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जातो, आणि मग आपल्या खात्याचे निरोप परक्या माणसाच्या हाती पडू शकतात. क्रमांक सोडावयाचाच असेल तर प्रथम आधार, बँक व सर्व योजनांतील नोंद बदलून घेतली पाहिजे.

प्रथम रोगाचे निदान करावे

पीक पिवळे पडले की लगेच खताची मात्रा वाढवणे योग्य नसते; पाणी साचले आहे की कीड लागली आहे हे आधी पाहावे लागते. त्याचप्रमाणे रेंज न मिळण्याचे कारण शोधल्यावाचून कंपनी बदलणे व्यर्थ ठरण्याचा संभव असतो.

पहिले कारण हँडसेट हे असू शकते. जुन्या हँडसेटमध्ये ४जी वरून बोलण्याची सोय नसते किंवा सेटिंग चुकलेले असते. आपले सिमकार्ड दुसऱ्याच्या चांगल्या फोनमध्ये घालून त्याच जागी उभे राहून पाहावे. तेथे रेंज मिळाल्यास दोष कंपनीचा नसून हँडसेटचा आहे, हे उघड होते.

दुसरे कारण जागा. पत्र्याचे छप्पर व काँक्रीटचा स्लॅब यांतून रेडिओलहरी कष्टाने आत शिरतात. सह्याद्रीच्या कुशीतील गावांत डोंगराची सोंड मध्ये आली की पलीकडच्या टॉवरच्या लहरी अडतात. कमी वारंवारितेच्या, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी अधिक दूर पोहोचतात व भिंतींतूनही बऱ्यापैकी आत येतात. जास्त वारंवारितेच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, पण त्यांची मजल कमी असते. निरनिराळ्या कंपन्यांकडे निरनिराळ्या वारंवारितेचे पट्टे असल्यामुळेच एकाच घरात एका कंपनीची रेंज ओसरीपर्यंत तर दुसरीची माजघरापर्यंत येते.

तिसरे कारण वीज. टॉवर विजेवर चालतो आणि वीज गेल्यावर बॅटरी किंवा डिझेल जनित्रावर काही काळ तग धरतो. भारनियमनाच्या वेळी किंवा वादळानंतर रेंज जात असेल, तर दोष बहुधा याच ठिकाणी असतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे बसविलेली असणे ही नित्याची बाब आहे. गावाजवळ असा एकच सामाईक मनोरा असेल आणि त्याची बॅटरीच निकामी झाली असेल, तर कंपनी बदलूनही पदरात काही पडत नाही. सर्वांचीच रेंज एकदम जाते. वीज गेल्यावर गावातील अन्य कंपन्यांचे फोन चालतात की नाही, एवढे पाहिले तरी याचा उलगडा होतो.

चौथे कारण गर्दी. पट्ट्या पूर्ण दिसतात पण इंटरनेट चालत नाही आणि हे विशेषेकरून सायंकाळीच घडते, तेव्हा टॉवरवर ग्राहकांचा भार अधिक झालेला असतो.

निदान झाल्यावर प्रथम आपल्या कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवावी व तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. गावातील अनेकांची अडचण सारखीच असेल, तर ग्रामपंचायतीमार्फत सह्यांसह एकत्रित तक्रार करणे अधिक परिणामकारक होते.

पंपाचा स्टार्टर व साधा फोन

कंपनी बदलण्याच्या निर्णयात शेतकऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान ज्या ठिकाणी होऊ शकते ते ठिकाण म्हणजे विहिरीवरील मोबाईल स्टार्टर. रात्रीच्या पाळीत वीज येते तेव्हा अंधारात, साप-विंचवाच्या व बिबट्याच्या भीतीने विहिरीवर जाण्याचा त्रास या स्टार्टरने वाचविला आहे. या यंत्रात एक सिमकार्ड असते आणि त्यावर फोन किंवा संदेश केला की मोटार चालू होते. वापरात असलेल्या अशा कित्येक स्टार्टरांतील यंत्र केवळ २जी सेवेवर चालणारे आहे. साध्या बटणाच्या जुन्या फोनांचेही असेच आहे.

सर्वच कंपन्या २जी सेवा देत नाहीत. २०१६ साली सेवा सुरू केलेल्या जिओकडे २जी व ३जी सेवा नाही. तिचे जाळे ४जी व ५जी यांचेच आहे. एअरटेल व व्ही यांची २जी सेवा चालू आहे. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी तंत्राच्या ४जी जाळ्याचे देशव्यापी उद्घाटन केले आहे. यावरून कोणती कंपनी चांगली वा वाईट असा निष्कर्ष काढावयाचा नाही. ज्याच्या स्टार्टरमध्ये २जी यंत्र आहे त्याने त्यातील सिम ४जी कंपनीकडे पोर्ट केल्यास स्टार्टर मुका होईल, एवढाच याचा अर्थ आहे. उन्हाळी भुईमुगाला किंवा लागणीच्या उसाला पाण्याची पाळी द्यावयाची असताना ही गोष्ट कळली, तर रिचार्जमध्ये वाचलेले शे-दोनशे रुपये कोठे गेले ते समजणारही नाही.

म्हणून स्टार्टरवरील माहितीपत्रक पाहून किंवा तो बसविणाऱ्या कारागिरास विचारून त्यातील यंत्र २जी आहे की ४जी, हे प्रथम निश्चित करावे. हातातील फोन व स्टार्टर यांची कंपनी एकच असली पाहिजे असे मुळीच नाही. स्टार्टरच्या सिमला इंटरनेटची आवश्यकता नसल्यास केवळ बोलणे व संदेश यांसाठीचे रिचार्ज पुरेसे होते. प्राधिकरणाच्या डिसेंबर २०२४ च्या निर्णयानुसार असे रिचार्ज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले असून त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानात ते आपण होऊन दाखविले जाईलच असे नाही, तेव्हा मागून घ्यावे.

दराचा हिशेब दिवसावर करावा

जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी आपले दर वाढविले, तेव्हा पुष्कळ ग्राहक कंपनी बदलण्यास प्रवृत्त झाले. दराचा विचार अवश्य करावा, पण तो रिचार्जच्या रकमेवरून न करता दिवसाच्या खर्चावरून करावा. २८ दिवसांचे रिचार्ज महिन्याचे समजले जाते, परंतु त्या हिशेबाने वर्षात १२ ऐवजी १३ वेळा पैसे भरावे लागतात.

समजा, एका कंपनीचे २८ दिवसांचे रिचार्ज २०० रुपयांस व दुसरीचे ८४ दिवसांचे ५४० रुपयांस आहे. पहिल्याचा खर्च दिवसाला सुमारे ७ रुपये १४ पैसे, दुसऱ्याचा ६ रुपये ४३ पैसे येतो. वर्षाचा फरक सुमारे २६० रुपयांचा झाला. आता असा प्रश्न विचारावा: या २६० रुपयांसाठी शेतातील रेंज गमावणे परवडेल काय? वळीव पावसाचा इशारा वेळेवर न मिळाल्याने खळ्यावरील हरभरा भिजला किंवा व्यापाऱ्याचा फोन न लागल्याने कांद्याचा सौदा हुकला, तर एका दिवसात त्याच्या अनेक पट नुकसान होते. उलट दोन्ही कंपन्यांची सेवा आपल्या शिवारात सारखीच चांगली असेल, तर स्वस्त सेवा न घेण्याचे काही कारण नाही. थोडक्यात, दर हा विचार शेवटचा. शिवारातील सेवा हा पहिला.

शिवारातील चाचणी

आता मुख्य गोष्टीकडे वळू. प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनुसार कोणत्या भागात आपली कोणती सेवा मिळते याचा नकाशा कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर द्यावयाचा आहे. तो प्रथम पाहावा. तथापि नकाशावरून तालुक्याचा अंदाज येतो. आपल्या विहिरीच्या थारोळ्याजवळ रेंज येते की नाही हे तेथे उभे राहिल्यावाचून कळत नाही.

चाचणीसाठी ज्या कंपनीकडे जावयाचे मनात आहे तिचे एक नवे सिमकार्ड घेऊन त्यावर लहान मुदतीचे रिचार्ज करावे. आपला जुना क्रमांक पोर्ट करण्याची घाई करू नये. हे नवे सिम आपल्याच दोन सिमच्या फोनमध्ये जुन्या सिमच्या जोडीस घालावे. दोन वाणांची तुलना एकाच जमिनीत केली तरच ती खरी ठरते. तसेच दोन्ही सिम एकाच हँडसेटमध्ये असली म्हणजे हँडसेटचा दोष कंपनीच्या माथी मारला जात नाही.

यानंतर चार जागा निवडाव्यात: घराच्या आतील खोली, विहीर किंवा बोअर, शेताचा सर्वांत दूरचा कोपरा आणि गोठा अथवा खळे. प्रत्येक ठिकाणी सकाळी एकदा व सायंकाळी सात ते दहाच्या दरम्यान एकदा दोन्ही सिमवरून फोन लावून पाहावा. फोन पहिल्या प्रयत्नात लागला काय, आवाज स्पष्ट होता काय, मध्येच तुटला काय, आणि हवामानाचे किंवा बाजारभावाचे पान उघडले काय, एवढ्याच चार गोष्टींची नोंद वहीत करावी. पट्ट्या किती दिसल्या यास फारसे महत्त्व देऊ नये. वीज गेल्यावर एक तासाने व तीन तासांनी एकेक नोंद अवश्य घ्यावी. पंधरा दिवसांत एखादा पावसाचा दिवस मिळाल्यास उत्तम. उंच उसाने शिवार भरले असताना घेतलेली नोंद मोकळ्या रानातील नोंदीहून निराळी येऊ शकते, हेही ध्यानात असावे.

ही वही पंधरा दिवसांनी उघडली की निर्णय बहुतेक आपोआप होतो. नवे सिम तीन-चार ठिकाणी सरस ठरल्यास बदल करावा. दोन्ही सारखीच ठरल्यास दर पाहावा. एक घरी आणि दुसरे शेतात सरस ठरल्यास पोर्ट न करता दोन्ही ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. किंबहुना एका कुटुंबात निदान दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असणे हे सर्व पेरणी एकाच वाणाची न करण्यासारखे आहे. पूर किंवा वादळ आले आणि एका कंपनीची सेवा कोलमडली, तर दुसरीवरून वैद्यकीय मदत मागविता येते.

बदल करण्याची रीत

ज्या क्रमांकाची कंपनी बदलावयाची, त्यावरून १९०० या क्रमांकास संदेश पाठवावा. संदेशात ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, एक जागा सोडून, आपला दहा अंकी क्रमांक लिहावा. उत्तरादाखल आठ अक्षरांचा एक संकेत येतो. त्यास यूपीसी म्हणतात. तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तेवढ्या अवधीत नव्या कंपनीच्या अधिकृत दुकानात जाऊन तो संकेत व ओळखीचा पुरावा द्यावा आणि नवे सिम घ्यावे. मंडळ तेच असल्यास बदलास तीन कामाचे दिवस, निराळे असल्यास पाच दिवस लागतात. महाराष्ट्र व गोवा मिळून एक मंडळ आहे, तर मुंबई हे स्वतंत्र मंडळ आहे. मुंबईचा क्रमांक घेऊन गावी परतलेल्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. विचार बदलल्यास अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत रद्द करता येतो. बदल होताना काही तास सेवा बंद राहते. जुने सिम बंद पडले की नवे घालावे.

पुढील कारणांनी अर्ज अडतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले नसणे, पोस्टपेड बिलाची थकबाकी असणे, आणि सिम नुकतेच बदलून घेतलेले असणे. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस यूपीसी मिळत नाही. खेड्यांत याहूनही अधिक आढळणारी अडचण म्हणजे सिम दुसऱ्याच्याच नावावर असणे. ते पुतण्याच्या, दुकानदाराच्या किंवा मयत वडिलांच्या नावावर असते. अशा वेळी प्रथम जुन्या कंपनीकडे सिम आपल्या नावावर करून घ्यावे लागते. आपल्या नावावर कोणते क्रमांक चालू आहेत, हे संचार साथी या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते.

बदलाची वेळही विचारपूर्वक निवडावी. प्रीपेडमधील शिल्लक रक्कम व उरलेली मुदत नव्या कंपनीकडे येत नाही, म्हणून रिचार्ज संपत आलेले असताना अर्ज करावा. मात्र पीक विम्याची अखेरची तारीख, कर्जाच्या नूतनीकरणाची मुदत किंवा योजनेच्या अर्जाचा शेवटचा आठवडा असेल तेव्हा बदल टाळावा. ओटीपी एक दिवस उशिरा आला तरी वर्षाचे काम अडू शकते.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, यूपीसी किंवा कोणताही ओटीपी फोनवरून कोणासही सांगू नये. ‘तुमचा नंबर बंद होणार आहे, आलेला कोड सांगा’ असे सांगणारा माणूस लबाड समजावा. आपला क्रमांक दुसऱ्याच्या हाती गेला म्हणजे बँकेच्या खात्याची किल्लीच त्याच्या हाती जाते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना

हे काम एकट्या शेतकऱ्याने करण्यापेक्षा गावाने मिळून केल्यास खर्च व श्रम दोन्ही वाचतात. वाडी-वस्तीनिहाय पाच-सहा शेतकरी निवडून त्यांच्याकडे निरनिराळ्या कंपन्यांची सिम आधीच असतील त्यांचाच उपयोग करून घ्यावा. पंधरा दिवसांच्या नोंदी एका तक्त्यावर मांडून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. कोणत्या शिवारात कोणाची रेंज चांगली, वीज गेल्यावर कोणाची टिकते, हे त्यावरून सर्वांना दिसेल. याच तक्त्याच्या आधारे कंपनीकडे तक्रार केल्यास तिला वजनही येईल. गावातील मोबाईल स्टार्टरांची यादी करून त्यातील २जी यंत्रे कोणती, याचीही नोंद त्याच वेळी करावी. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक त्या तक्त्याखाली लिहून ठेवावा, म्हणजे रेंजचा शेतीस प्रत्यक्ष उपयोगही होईल.

कार्यकर्त्यांनी कोणत्याही एका कंपनीचा प्रचार करू नये. चाचणीची रीत शिकवावी व निर्णय शेतकऱ्यावर सोपवावा. आपल्या विहिरीवर, आपल्याच फोनमध्ये, पंधरा दिवस जी सेवा खरी उतरली ती आपली कंपनी. मग तिचे नाव कोणतेही असो.